एसेनच्या खेळजत्रेला पहिल्यांदा जाताना: पुण्याहून निघणाऱ्यांसाठी

सोंगटी

आमच्या कोथरूडच्या रविवारच्या खेळकट्ट्यावर यंदा बरेच जण ऑक्टोबरात एसेनला जायचं म्हणताहेत आणि सगळ्यांचे प्रश्न साधारण सारखेच आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तरं वाहून जातात, म्हणून इथे नीट धागा काढते. मी गेल्या वर्षी पहिल्यांदा जाऊन आले. ज्यांना पट, सोंगट्या, पत्ते यांचं मनापासून वेड आहे त्यांनी एकदा तरी तिथे जावंच, आणि जाणाऱ्याला ते चार दिवस पुरेपूर मिळावेत, म्हणून हा खटाटोप.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एसेन हे जर्मनीच्या पश्चिमेचं, रूर खोऱ्यातलं, एके काळी कोळसा आणि पोलाद यांवर उभं राहिलेलं शहर. तिथे दर ऑक्टोबरात गुरुवार ते रविवार 'श्पील' भरते, म्हणजे बैठ्या खेळांची जत्रा. १९८३ साली एका प्रौढशिक्षण केंद्रात ती सुरू झाली आणि आता 'मेसे एसेन' या प्रदर्शन संकुलातली मोठमोठी दालनं तिला लागतात. २०१९ साली २ लाख ९ हजार लोक आले होते. २०२० साली करोनामुळे ती फक्त ऑनलाइन झाली, २०२४ साली गर्दी पुन्हा दोन लाखांच्या वर गेली. वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ७, रविवारी ६ पर्यंत. कोणालाही तिकीट काढून जाता येतं, धंद्यातलं असण्याची अट नाही. तिकिटं ऑनलाइन आणि वेळेवर घ्या, संपतात.

दोन लाख हा आकडा नुसता वाचून काही कळत नाही. गणपतीतल्या शेवटच्या शनिवारी लक्ष्मी रस्त्यावर जसं पुढच्या माणसाच्या चालीनेच चालावं लागतं, तसं तिथे शनिवारी दुपारी दोन मंडपांच्या मधल्या वाटेत चालावं लागतं. म्हणून गुरुवार-शुक्रवार सोडू नका. सुट्टी कमी असेल तर शनिवार विश्रांतीला ठेवा.

माझं मुख्य सांगणं एकच आहे. तिथे दुर्मीळ असतं ते टेबल. खेळाचा खोका नंतरही मिळतो. गाजलेले खेळ काही महिन्यांत भारतातल्या विक्रेत्यांकडे येतात, उरलेले कोणाबरोबर तरी मागवता येतात. पण खेळ बनवणाऱ्यानेच तुमच्यासमोर पट मांडून नियम सांगावेत, आणि समोर कधी न भेटलेले भिडू असावेत, हे दुसरीकडे कुठे मिळणार? तिथे मी अशीही माणसं पाहिली जी दिवसभर पिशव्या भरत होती आणि संध्याकाळपर्यंत एकाही खुर्चीवर बसली नव्हती. मला त्यांच्याबद्दल खरंच वाईट वाटलं.

टेबल कसं मिळवायचं ते सविस्तर सांगते, कारण पहिल्या दिवशी सगळे इथेच अडखळतात. बहुतेक प्रत्येक मंडपात खेळ मांडलेली टेबलं असतात आणि समजावून सांगणारी माणसं असतात, त्यांना इंग्रजी चांगलं येतं. टेबल भरलेलं असेल तर डाव किती उरलाय ते विचारा आणि शेजारी उभं राहून बघत राहा. नियम तिथेच अर्धे कळतात. डाव मोडला की बसा. काही मोठे प्रकाशक वेळ आधी नोंदवून घेतात, तिथे सकाळीच जाऊन नाव घाला. एकटे गेलात तर फार फायदा: तिघांचा गट बसलेला असतो आणि त्यांना चौथा भिडू हवा असतो. तुम्ही पाचजण एकमेकांना धरून फिरलात तर सलग पाच खुर्च्या कुठेच रिकाम्या सापडणार नाहीत. आपल्या गटातल्यांनी सकाळी पांगावं, दुपारी जेवायला भेटावं, काय खेळलो ते एकमेकांना सांगावं आणि पुन्हा पांगावं. आपल्याकडे सगळ्यांनी मिळून जायची सवय असते, ती तिथे जरा बाजूला ठेवा.

आणखी एक रीत. मंडपातला डाव पूर्ण खेळायचा नसतो. नियम सांगायला पंधरा-वीस मिनिटं जातात, मग दोन-तीन फेऱ्या झाल्या की खेळाचा अंदाज येतो, तेव्हा उठायचं. मागे माणसं उभी असतात. खेळ लहान असेल तर पूर्ण होतो, पण दोन तासांचा खेळ धरून बसणं बरं दिसत नाही. संध्याकाळी हॉटेलांच्या लॉबीत आणि जेवणघरांत लोक नवे विकत घेतलेले खेळ उघडून बसतात, पूर्ण डाव तिथे होतात. "मी बसू का?" म्हटलं तर क्वचितच कोणी नाही म्हणतं.

तयारी काय करावी? बोर्डगेमगीक या संकेतस्थळावर दर वर्षी एसेनला येणाऱ्या नव्या खेळांची यादी लागते. ती शेकड्यांनी असते, पूर्ण वाचायच्या भरीस पडू नका. आपल्याला कोणत्या जातीचा खेळ आवडतो ते ठरवा आणि तेवढंच गाळून घ्या. बऱ्याच खेळांची नियमपुस्तिका आधीच पीडीएफ मिळते. चार-पाच खेळांचे नियम पुण्यातूनच वाचून गेलात तर समजावणाऱ्याचाही वेळ वाचतो आणि तुम्हाला थेट खेळायला मिळतं. दालन क्रमांकानुसार यादी लावा. रोज चार खेळ बसून खेळता आले तर दिवस उत्तम गेला असं समजा.

दार उघडल्यावर पहिल्या तासात सगळा लोंढा मोठ्या प्रकाशकांकडे, मोजक्या प्रती असलेल्या खेळांकडे धावतो. तुम्ही तेव्हा उलटीकडे जा, लांबच्या दालनांत, जिथे जपान, तैवान, कोरियाचे छोटे प्रकाशक एका-दोन टेबलांवर बसलेले असतात. मला सगळ्यात आवडलेले डाव तिथले. एका मंडपात पत्त्यांचा खेळ होता, हात करायच्या जातीचा. समोर एक वयस्क जर्मन जोडपं, शेजारी कोरियाचा एक विद्यार्थी. नियम ऐकताना माझ्या लक्षात आलं की हे तर मी लहानपणापासून खेळतेय! उतारीच्या रंगाचं पान द्यायचं, नसेल तर हुकूम मारायचा, कोणाकडे काय उरलंय ते लक्षात ठेवायचं. आजोळी मेंढीकोट आणि लाडीस खेळून जे अंगात मुरलंय ते तिथे कामाला आलं. त्या आजींनी तर मला "पुन्हा एकदा" म्हणून बसवूनच घेतलं. २०२० साली जर्मनीतला सरावलेल्या खेळाडूंसाठीचा मोठा पुरस्कार मिळालेला 'द क्रू' हाही याच जातीचा आहे, फरक इतकाच की सगळे भिडू एकाच बाजूचे आणि आपल्या हातात काय आहे हे बोलायचं नाही. मराठी घरात पत्ते खेळलेल्या माणसाने तिथे स्वतःला नवशिक्या समजायचं काही कारण नाही, हे मला फार जोरात सांगायचंय.

पैसे, व्हिसा, सामान याबद्दल विचारा, जमेल तसं लिहीन.

गणेशखिंड

सोंगटी, फार कामाचा धागा, आभार. माझा पासपोर्ट कोरा आहे. व्हिसाला किती आधी लागावं? आणि राहायचं एसेनलाच का? हॉटेलांचे दर बघून छाती दडपली.

सोंगटी

गणेशखिंड, शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ऑक्टोबरसाठी जून-जुलैत अर्ज गेलेला बरा, उन्हाळ्यात भेटीच्या वेळा मिळत नाहीत. मोठ्यांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवास विमा किमान ३० हजार युरोंचा लागतो. पर्यटक म्हणूनच अर्ज करा, सोबत जत्रेचं तिकीट, हॉटेलचं आरक्षण, ऑफिसचं रजेचं पत्र, बँकेचा उतारा आणि आयकर विवरणपत्र जोडा. "बोर्ड गेम खेळायला" असं लिहिलं तर हसतील का, असं मला एकाने विचारलं होतं. अजिबात हसत नाहीत. जत्रा त्यांच्याच देशातली आहे आणि त्यांना ती ठाऊक आहे.

राहायला एसेनच हवं असं नाही. ड्युसेलडॉर्फ, बोखुम, डुईसबुर्ग, डोर्टमुंड ही सगळी रेल्वेने जवळ. ड्युसेलडॉर्फहून एसेनला गाडीने अर्धा तास धरा. एसेनच्या मुख्य स्थानकातून यू-११ ही भुयारी गाडी थेट जत्रेच्या दारात सोडते. विमान ड्युसेलडॉर्फचं नाही मिळालं तर फ्रँकफर्टला उतरा, विमानतळाच्याच स्थानकावरून जलद गाडीने साधारण दोन तास. हॉटेल मात्र रद्द करता येईल असंच घ्या, व्हिसा हातात पडेपर्यंत.

रोख युरो थोडे जवळ ठेवा. छोट्या मंडपांत अजूनही रोखीला पसंती असते.

वेताळटेकडी

सोंगटी, टेबलाबद्दल शंभर टक्के सहमत, पण "खोका नंतर मिळतो" याला माझी हरकत आहे. मोठ्या प्रकाशकांचं ते खरं. तू ज्या तैवान-जपानच्या छोट्या मंडपांचं लिहिलंयस, त्यांची छपाई काहीशे प्रतींची असते. ती संपली की पुन्हा निघेलच असं नाही. तिथे आवडलेला खेळ तिथेच घ्यावा. मी तर आधी नोंदणी करूनच जातो. बरेच छोटे प्रकाशक सप्टेंबरात नोंदणी घेतात आणि प्रत मंडपात राखून ठेवतात. मग सकाळी धावपळ नाही, रविवारीही उचलता येते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना अदलाबदलीबद्दल सांगतो, कारण ही गोष्ट फार कमी जणांना माहीत असते आणि मला ती जत्रेतली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. जत्रेच्या आधी बोर्डगेमगीकवर एक मोठी अदलाबदल होते, तिला मॅथ ट्रेड म्हणतात. प्रत्येक जण आपल्याकडचे नको असलेले खेळ यादीत टाकतो आणि त्या प्रत्येकाच्या बदल्यात काय काय चालेल ते लिहितो. दोन माणसांत सरळ सौदा जुळणं कठीण. माझा खेळ तुला हवा, पण तुझा मला नको. म्हणून एक प्रोग्रॅम साखळ्या शोधतो: माझा खेळ पोलंडच्या माणसाकडे, त्याचा स्पेनच्या बाईकडे, तिचा बेल्जियमला आणि बेल्जियमचा माझ्याकडे. पैसे अजिबात नाहीत. जत्रेत ठरलेल्या वेळी सगळे एका जागी जमतात आणि खोके हातोहात देतात. तुम्ही मान्य केलेल्या यादीबाहेरचं काही तुमच्या गळ्यात पडत नाही. नेताना भरलेली बॅग रिकामी होते आणि तितकीच भरून येते. फक्त शब्द पाळावा लागतो. एकाने खेळ आणला नाही तर अख्खी साखळी तुटते.

सामानाचं: विमानाला बहुतेक २३ किलोची मर्यादा. एकटा 'ग्लूमहेवन' दहा किलोच्या आसपास भरतो, असले खेळ तिथून उचलू नका. खोक्यांत बरीचशी हवाच असते. संध्याकाळी खोलीवर सोंगट्या-ठोकळे पुठ्ठ्यातून सुटे करा, रिकामी चौकट फेका, सगळं झिपच्या पिशव्यांत भरा आणि लहान खोका मोठ्यात बसवा. पिशव्या पुण्यातूनच न्या. बोहरी आळीत हव्या त्या मापाच्या, किलोवर मिळतात. आल्यावर पत्त्यांना कव्हरं चढवा आणि खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, नाहीतर आपल्या पावसाळ्यात पानं वाकतात.

सोंगटी

वेताळटेकडी, छोट्या प्रकाशकांबद्दलची हरकत मान्य. आधी खेळून बघा आणि मग घ्या, एवढंच माझं म्हणणं त्यात उरतं. मॅथ ट्रेडबद्दल लिहिलंत हे फार बरं केलंत.

करपरताव्याचं पण सांगून टाकते. जर्मनीत एका पावतीवर ५० युरोंच्या वर खरेदी असेल तर युरोपीय संघाबाहेरच्या पर्यटकाला विक्रीकर परत मिळू शकतो. पण विक्रेत्याने तो फॉर्म द्यायला हवा आणि तसं त्याच्यावर बंधन नाही, म्हणून पैसे देण्याआधी विचारा. माल आणि फॉर्म दोन्ही विमानतळावर जकातवाल्यांना दाखवून शिक्का घ्यायचा असतो, तेही बॅग आत सोडण्यापूर्वी.

इंडियाना_मराठी

मी मूळचा कर्वेनगरचा, आता बरीच वर्षं इकडे अमेरिकेत. एसेनला गेलो नाही, पण आमच्याकडचं जेनकॉन हे खेळांचं संमेलन दर वर्षी करतो, म्हणून तुलनेसाठी लिहितो. नातेवाइकांकडे अमेरिकेला येणारे पुणेकर खूप, त्यांना जुलै-ऑगस्टमध्ये हे जमू शकतं.

जेनकॉन १९६८ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावी गॅरी गायगॅक्स यांनी सुरू केलं, तेच ते १९७४ च्या, भूमिका घेऊन खेळायच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचे एक कर्ते. २००३ पासून ते इंडियानापोलिसला भरतं. २०२४ साली ७१ हजारांवर लोक होते. म्हणजे एसेनपेक्षा लहान, पण घडण अगदी वेगळी. एसेन हा मुळात बाजार आहे आणि बाजारात टेबलं मांडली आहेत. जेनकॉनला विक्रीचं दालन आहेच, पण खरा जीव कार्यक्रमांत असतो. हजारो डाव आधीपासून वेळापत्रकात असतात: अमुक खोली, अमुक टेबल, सहा जागा, चार तास. प्रवेशाचा बिल्ला वेगळा आणि प्रत्येक डावाचं तिकीट वेगळं. मे महिन्यात नोंदणी उघडते. आधी आवडीची यादी लावून ठेवायची आणि त्या क्षणी बटण दाबायचं, मग रांगेत जो नंबर येईल त्यानुसार जागा मिळतात. हॉटेलांचंही तसंच, सोडतीने वेळ मिळते.

पहिल्यांदा येणाऱ्याला माझा सल्ला: भूमिका घेऊन खेळायचा एक तरी लांब डाव नोंदवा, नवख्यांसाठी मुद्दाम ठेवलेले असतात. पात्र तयार मिळतं, फासे मिळतात, गोष्ट सांगणारा सांभाळून घेतो. उच्चारांची लाज बाळगू नका. मी पहिल्या डावात एका भटक्या कीर्तनकाराचं पात्र केलं होतं, दर वळणावर दोन ओळी म्हणायचो. टेबलावरच्या कोणाला मराठीचा गंध नव्हता, तरी पुढच्या वर्षी त्यातल्या दोघांनी मला ओळखून हाक मारली. आणि दिवसाला दोन डावांपेक्षा जास्त नोंदवू नका. एका डावातून दुसऱ्याकडे जायला अंतर खूप पडतं, जेवण राहून जातं, आणि तिसऱ्या डावात आपण भिडू म्हणून कोणाच्या उपयोगाचे राहत नाही.

कसब्यातला

सगळं मन लावून वाचलं. माझं वय सत्तरीच्या पुढे, जर्मनीला जाणं व्हायचं नाही. एक विचारतो, राग मानू नये. सारीपाट आपला, बुद्धिबळ आपलं, मोक्षपट आपला. मग इतक्या लांब जाऊन तुम्ही मुलं नेमकं काय शोधता? आमच्या वाड्यात चातुर्मासात सारीपाट मांडला जायचा, त्याला तिकीट नव्हतं.

सोंगटी

काका, राग कसला, उलट तुम्ही हे विचारलंत ते बरं झालं.

मी तिकडे भिडू शोधायला जाते. सारीपाट आपला आहे, पण आज माझ्या सोसायटीत तो मांडला तर बसायला कोण येईल? तिकडे माणसं वर्षभर आधी रजा टाकून, हॉटेल धरून, फक्त पटाभोवती बसायला येतात. खेळाला तिथे जो मान आहे तो बघून मला आपल्या खेळांची जास्त आठवण झाली. जर्मनीत १९७९ पासून वर्षाचा सर्वोत्तम खेळ निवडला जातो, परीक्षक मंडळ असतं, निकाल वर्तमानपत्रात येतो. खोक्यावर खेळ रचणाऱ्याचं नाव छापतात, पुस्तकावर लेखकाचं छापावं तसं. 'कॅटान' हा खेळ रचणारे क्लाऊस टॉयबर २०२३ साली गेले तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांनी दखल घेतली. आपल्याकडे सावंतवाडीचा गंजिफा बघा. दशावताराचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पानं, एकूण १२० गोल पानं, हाताने रंगवलेली. दिवसा खेळताना रामाचा रंग पुढे, रात्री कृष्णाचा. राजा आणि प्रधान यांच्या खालोखाल निम्म्या रंगांत दहाचं पान मोठं, तर निम्म्यांत एक्का मोठा. इतका देखणा हात करायचा खेळ! सावंतवाडीच्या राजघराण्याने ती कला टिकवली म्हणून पानं तरी मिळतात. पण लोक ती चौकटीत लावून भिंतीवर टांगतात, खेळत नाहीत. मला ती खेळलेली बघायची आहेत.

तुम्हाला वाड्यातल्या सारीपाटाचे नियम आठवतात का? पगडं कसं धरायचे, जोडी कधी मरायची नाही, दान कसं मोजायचं? घरागणिक फरक असतात असं ऐकलंय. इथे लिहिलंत तर आम्ही रविवारी तसा मांडू. आणि तुम्ही स्वतः आलात तर फारच आनंद होईल. कोणीही घ्यायला येईल.

कसब्यातला

लिहितो. हात आता थरथरतो, नातीला सांगून लिहवून घेईन. कवड्यांनी आणि फाशांनी खेळायचे नियम आमच्याकडे वेगळे होते, दोन्ही देतो. दान पडायच्या आधी कोणत्या सोंगटीचं काय करायचं ते जोडीदाराशी खुणेने बोलायची आमच्या घरची पद्धत होती, तीही सांगेन. पट माझ्याकडे आहे, कापडी. सोंगट्या लाकडी, दोन कमी आहेत.

कागदकात्री

काका, कमी असलेल्या दोन सोंगट्या मी करून देतो. माझ्याकडे लहान खराद आहे. फोटो आणि माप तेवढं पाठवा.

आता धाग्याच्या विषयावर. मी स्वतः खेळ रचतो आणि एसेनला एक घेऊन गेलो होतो. गुलटेकडीच्या मार्केट यार्डावरचा, पहाटेचा लिलाव, आडते, हमाल, आणि दुपारपर्यंत नासणारी भाजी. कोणाला आपला खेळ प्रकाशकांना दाखवायचा असेल तर हे वाचा.

जत्रेत थेट मंडपात जाऊन "माझा खेळ बघता का" म्हटलं तर कोणी बघणार नाही, माणसं विक्रीत बुडालेली असतात. ऑगस्टमध्ये ईमेल पाठवा. सोबत एकाच पानाचं माहितीपत्रक: किती भिडू, किती वेळ, खेळाची नवी गोष्ट कोणती, मांडलेल्या पटाचा एक स्वच्छ फोटो. एक छोटा व्हिडिओही लागतो. आवडलं तर अर्ध्या तासाची वेळ देतात. त्या प्रकाशकाने आधी काय छापलंय ते बघून लिहा, मुलांचे खेळ काढणाऱ्याला तीन तासांचा व्यापारी खेळ पाठवू नका.

अर्ध्या तासात पूर्ण डाव होत नाही. म्हणून मधला टप्पा मांडून ठेवायचा, जिथे निर्णय अवघड होतो. माझ्या खेळात तो सकाळी आठचा लिलाव होता: माल शिल्लक, भाव पडतोय, हमाल एकच. दोन मिनिटांत नियम आणि लगेच त्यांच्या हातात फासे. मला ज्यांनी वेळ दिली त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत तीन नेमके प्रश्न विचारले आणि माझ्या अर्थव्यवस्थेतली भोकं समोर ठेवली. एका प्रकाशकाने प्रत ठेवून घेतली. काही महिन्यांनी नकार आला, पण सोबत दोन पानी कारणं होती, त्यांच्या पाच वेगवेगळ्या डावांच्या टिपणांसकट. आज खेळ जो आहे तो त्या दोन पानांमुळे आहे.

पैशांचं: प्रकाशक रचनाकाराला मानधन देतो, साधारणपणे घाऊक विक्रीच्या पाच ते दहा टक्के. कोणी उलट तुमच्याकडे छपाईचे पैसे मागत असेल तर तो व्यवहार वेगळा समजा आणि नीट विचार करा. चोरी होईल या भीतीने खेळ लपवू नका. खेळाच्या कल्पनेवर तसाही कॉपीराइट मिळत नाही, नियमपुस्तिकेच्या मजकुरावर आणि चित्रांवर मिळतो. खेळ जितक्या टेबलांवर जाईल तितका चांगला होतो. जर्मनीला जायच्या आधी मुंबईला मीपलकॉन या बैठ्या खेळांच्या मेळाव्याला जा. अनोळखी माणसांसमोर नियम सांगायची सवय तिथे होते, आणि सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परत येता येतं.

गणेशखिंड

मीपलकॉनचं बरं सुचवलंत. पासपोर्टाचं काम होईपर्यंत तेच करतो. खाण्याचं कोणी लिहिलं नाही. मी शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही.

वेताळटेकडी

तळलेले बटाटे, चीजचा पाव, फलाफेल, प्रेट्झेल. पोट भरतं, चवीचं म्हणाल तर कंटाळा येतो. जत्रेबाहेर शहरात तुर्की खानावळी भरपूर, तिथे मसूरचं सूप मागा, आमटीच्या जवळ जातं. घरून भाकरवडी, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट न्या. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ मात्र युरोपीय संघात बाहेरून आणायला बंदी आहे, म्हणजे पेढे-बर्फी नको. पाण्याची बाटली सोबत ठेवा आणि चपला-बूट सरावाचेच घाला. दिवसभर काँक्रीटवर चालणं असतं, नवे बूट घालून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामातून जातो. आणि खेळताना हात स्वच्छ ठेवा, तेलकट बोटांनी दुसऱ्याच्या पत्त्यांना हात लावू नका.

खडूफळा

धागा वर काढतेय. मी शाळेत शिकवते, मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि आमच्या घरात रोज रात्री एक डाव होतोच. बहीण कोलोनला असते, त्यामुळे राहायचा प्रश्न नाही. त्याला न्यावं का? गर्दीची भीती वाटते. आणि भाषा?

सोंगटी

खडूफळा, जरूर न्या. कोलोनहून एसेन रेल्वेने तासाभराच्या आसपास आहे, रोज ये-जा करता येईल. शुक्रवारी सकाळी या, किंवा रविवारी. रविवारी जर्मन कुटुंबं मुलांना घेऊन येतात आणि शनिवारपेक्षा गर्दी बरी असते. शनिवारी मात्र मुलाला आणू नका. आत शिरल्याबरोबर चुकलो तर भेटायची जागा त्याला दाखवून ठेवा आणि बहिणीचा तिथला नंबर त्याच्या खिशात चिठ्ठीवर लिहून द्या. आत नेटवर्क दमतं.

भाषेचं फार मनावर घेऊ नका. बऱ्याच खेळांच्या पत्त्यांवर मजकूर नसतो, चिन्हंच असतात, आणि खोक्यात नियम चार-पाच भाषांत असतात. फक्त घेताना विचारा, कारण काही खेळांची जर्मन आवृत्तीच तिथे विकायला असते. प्रश्नमंजुषा आणि शब्दांचे खेळ म्हणूनच तिथून घेऊ नका.

खेळ निवडताना खोक्यावर जर्मनीतल्या त्या वार्षिक पुरस्काराचं प्याद्याचं चिन्ह बघा. लाल असेल तर सगळ्या कुटुंबासाठी, निळं लहान मुलांसाठी, काळपट राखाडी सरावलेल्यांसाठी. रोज डाव होणाऱ्या घरातल्या अकरा वर्षांच्या मुलाला निळं आता सोपं पडेल. लालपासून सुरुवात करा आणि दुपारनंतर त्यालाच राखाडी चिन्हाच्या एका टेबलावर बसवा. पहिले दोन डाव तुम्ही शेजारी बसा. तिसऱ्याला त्याला एकट्याला बसू द्या, तुम्ही मागे उभ्या राहा. समजावणारे मुलांशी मोठ्या माणसांसारखंच बोलतात, त्याला ते आवडेल. जायच्या आधीच्या कुठल्याही रविवारी दोघं कोथरूडला कट्ट्यावर या, आमच्याकडचे लाल-राखाडी सगळे खेळ त्याला दाखवते. वेळ दुपारी चारची, पत्ता संदेशात पाठवते.